निकेशला विषय पाहिजे

आमच्या गल्लीत कोणाच्या ओट्यावर फोडलेल्या चिंचेची रास दिसली, की समजायचं, निकेशच्या कॉलेजात सरांनी काहीतरी लिहायला दिलं आहे.

हा मुलगा बी.ए.ला आहे. आमच्या सानगडीहून बसने साकोलीला जातो. सर सांगतात, काहीतरी लिहून आणा, पण मोबाइलमधलं नको, स्वतःचं आणा. बाकीची पोरं खोलीत बसून डोकं खाजवतात. निकेशचं डोकं हात चालू असल्याशिवाय चालत नाही. त्यातही काम दुसऱ्याच्या घरचं पाहिजे. स्वतःच्या घरची बादली उचलली तर एक ओळ सुचत नाही म्हणतो.

म्हणून हा माझ्यासकट सगळ्यांच्या दारी काम मागत फिरतो. भीक मागणारे मी पाहिले, मतं मागणारे पाहिले. फुकट काम मागणारा हा एकच.

"आजी, काही निवडाले आहे का?"

"काहून?"

"विषय पायजे."

समोरची कौसल्या लबाड. तिचं घर सारवायला आलं की ती त्याला रस्त्यातच गाठते. "का रे निकेश, सरानं अजून काही लिवाले देलं नाही का? तुमचे सर लय आळशी हायेत बाप्पा."

आता काम करतो म्हणजे हातच काम करतात. मन कुठे गेलेलं असतं, त्याचं त्याला ठाऊक. माझे तांदूळ निवडायला बसला, तर खडे ताटात ठेवले आणि तांदूळ कोंबड्यांना टाकले. कौसल्याची बकरी पाणी पाजून बांधून ठेव म्हटलं, तर ती भलत्याच्याच गोठ्यात बांधून आला. संध्याकाळी बकरी ओरडली म्हणून सापडली.

आणि तोंड सारखं चालू. जे दिसेल त्याकडे बोट दाखवून विचारतो, "याच्यात विषय आहे का?" तुटका झाडू, उतू गेलेलं दूध, शेजारचं भांडण, त्याला काहीही चालतं. एकदा माझ्या ओट्यावर बसून म्हणाला,

"आजी, मेलेल्या माणसाची चप्पल कोण घालते?"

"ज्याच्या पायात बसंल तो."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "संपला ना विषय. तुमी जवाबच देऊन टाकता."

"मंग इचारतो कायले?"

थोड्या वेळाने पुन्हा. "बाजार उठल्यावर उरलेले वांगे कोणाच्या घरी जात असंल?"

"माझ्या."

"कोंबडी अंड्यावरून उठते तवा का विचार करत असंल?"

"भूक लागली म्हणते."

"तुमच्या ओट्यावर विषय मरतात आजी," म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी बसला तो माझ्याच ओट्यावर. एकदा मी म्हटलं, "अरे, घरी बसून लिवत जा ना." तर म्हणे, "घरी लिवाले बसलो तं कोणी इचारत नाही, का लिवून रायला म्हणून. तुमी इचारता, आन वरून नावं ठेवता." मी हसले. हसण्यासारखंच वाटलं मला.

यंदा आषाढात मी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरले आणि उजवं मनगट मोडलं. साकोलीच्या डॉक्टरने प्लास्टर घालून हात गळ्यात बांधला. नागपूरहून माझा मुलगा वसंता आला. त्याने हात पाहिला, घर पाहिलं, रिकामे पाण्याचे घडे पाहिले.

"पुरे झालं माय," म्हणाला. "यंदा सगळ्या बांधीत हलका धानच लाव. दिवाळीले कापून होते. मंडई झाली का दाराले कुलूप घालू, आन तू नागपूरले चल."

मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. हलका धान लवकर पिकतो. भारी धान त्याच्यानंतर महिनाभर उभा असतो. वसंताने हिशोब बरोबर केला होता. निकेश तेव्हा ओट्यावर लसूण सोलत बसला होता.

नागपूरला मी राहून पाहिलं आहे. सून चांगली आहे, तिला दोष देणार नाही. जेवण वेळेवर, गादी मऊ. पण सकाळी उठून तिथे मी करायचं काय, हे मला कोणी सांगितलं नाही. खिडकीजवळ बसायचं, आणि जेवायला हाक आली की उठायचं. मला माझ्या घरी राहायचं होतं. पण जिला घडा उचलता येत नाही, त्या बाईचं कोण ऐकतं? मी हो म्हटलं.

त्या दिवसापासून निकेशच्या सरांना काय झालं कोण जाणे. रोज नवा विषय. सकाळी बसच्या आधी निकेश हजर.

"आजी, सरानं पाण्यावर लिवाले सांगतलं." आणि विहिरीवरून माझे घडे भरून देई.

"आज कशावर?"

"चुलीवर." की राख काढणं, काड्या आणणं, सगळं होई.

मी मनात म्हणे, कडक सर दिसतात. पोरांचा जीव घेतात.

रोवणीच्या दिवशी सरांनी चिखलावर लिहायला सांगितलं होतं म्हणे. बाया बांधीत धान रोवत होत्या आणि पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या आणून चिखलात टाकायचं काम निकेशचं. मी धुऱ्यावर हात गळ्यात घेऊन बसले. बाई वाकून रोवते, हाती आला तो पऱ्हा चिखलात खोसते. कोणता पऱ्हा कुठून आला ते ती पाहत नाही.

पाहिलं ते आश्विनात. बांधीचा अर्धा भाग पिकून पिवळा झाला आणि अर्धा हिरवागार. तोही सरळ नाही, इथे एक चकदा, तिथे एक चकदा. कौसल्याची रोवणी होऊन तिच्या भारी धानाचे पऱ्हे उरले होते. ते या शहाण्याने उचलून माझ्या हलक्या धानात मिसळले होते.

कौसल्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजी, तुमची बांधी तं टकल्या माणसाच्या डोस्क्यावानी दिसून रायली."

मी निकेशला धरलं. "डोळे कुठी होते तुहे?"

"विषय पाहून रायलो होतो आजी."

पुढे मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्याने खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं.

दिवाळीला वसंता नवं कुलूप घेऊनच आला. बायांनी हिरव्यातून वाट काढत पिवळं तेवढं कापलं होतं. माझं प्लास्टर निघालं होतं, पण बोटं विळ्याभोवती मिटत नव्हती. वसंता शेतात गेला, पाहून आला आणि पायऱ्यांवर बसला.

"उभा धान टाकून कोण जाते," तोच म्हणाला. किती झालं तरी शेतकऱ्याचं पोर. मंडईचं नाटक पाहून परत गेला. "भारी धान कापाले येतो, मंग जाऊ," म्हणाला.

मला महिना मिळाला. त्या महिन्यात निकेशच्या सरांनी शेंगांचा विषय धरला. रोज शेंगा आणून माझ्यापुढे बसायचा आणि अशा सोलायचा की अर्धे दाणे सालातच राहायचे. मला पाहवत नसे. मी परत एकेक शेंग हातात घ्यायची. आधी बोटं दुखत, मग वळू लागली. एक दिवस घडा उचलून पाहिला, अर्धा भरलेला. मग पूर्ण भरलेला.

मार्गशीर्षात वसंता आला तेव्हा मी बांधीत विळा चालवत होते. तो धुऱ्यावर उभा राहिला.

"हात चालते का?"

"पाहून रायला ना."

त्याने पँट वर केली, माझ्या बाजूने कापायला लागला. जेवला. जाताना म्हणाला, "जपून राय माय." नागपूरचं नाव काढलं नाही.

त्यानंतरच्या बाजारात निकेशच्या वर्गातली एक मुलगी भाजी घेताना भेटली. मी तिला म्हटलं, "तुमचे सर लय लिवाले देतात बाई. रोज एक."

ती हसली. "रोज? कुठी आजी. पावसाळ्यापासून एकच देलं सरांनी. निकेशनं तं ते पयल्याच दिवशी नेऊन देलं."

मी पिशवी घेऊन तिथेच उभी राहिले. मागून एक बाई म्हणाली, "आजी, सरका ना." तेव्हा सरकले.

निकेश काकाच्या घरी राहतो. तो लहान असतानाच त्याची आई गेली. बाप चिखला गावच्या मँगनीजच्या खाणीत आहे, सुट्टी मिळाली की येतो. काका ताट देतो, फी भरतो, कशाची कमी नाही. पण त्या घरात त्याचा आवाज मी कधी ऐकला नाही. माझ्या ओट्यावर त्याचं तोंड मिटत नाही.

घरी येताना वाकडी वाट करून शेताकडे गेले. कौसल्याचे उरलेले पऱ्हे नाल्याच्या पलीकडे होते. नाला आषाढात मांडीपर्यंत असतो. तो ओलांडून कोणी चुकून जात नाही. ओझं घेऊन परत तर नाहीच येत.

पऱ्ह्यांचं मी त्याला विचारलं नाही, विचारणारही नाही. आज मी माझ्या घरात आहे ती या पोरामुळे. असलं तोंडावर बोलणं मला जमत नाही, म्हणून लिहिते आहे.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला.

"आजी, सरानं लिवाले देलं."

"कशावर?"

त्याने अंगणात इकडे तिकडे पाहिलं. कोपऱ्यात फोडायची लाकडं पडली होती.

"लाकडावर."

"लाकडावर लिवनं सोपं नाही," मी म्हटलं. "लय दिवस लागंल. बसच्या आधी इथंच जेवत जाजो."

तो कुऱ्हाड घेऊन कोपऱ्यात गेला. मी आत जाऊन दोघांचे तांदूळ घेतले आणि स्वतःच निवडायला बसले.