लोण्याचा वास आणि पाकिटाचं वजन

नोरैनीच्या पत्राला चिकगु ताजुलनी उत्तर दिलंच नव्हतं. पत्र काही मोठं नव्हतं. क्लांग शहरातल्या एका कारखान्यात ती वेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, द्रवाची चव बघायची. दिवसभर दम मारायचे आणि नारळाच्या जॅमचा स्वाद नीट उतरलाय का ते सांगायचं. तिने एवढंच विचारलं होतं, की लोण्याच्या वासाचं जे रसायन त्यात घालतात ते छातीत गेलेलं चालतं का? चालत नसेल तर नोकरी सोडते, तुम्ही म्हणाल तसं. शाळेत तिला रसायनशास्त्र शिकवणारे चिकगु, म्हणजे मास्तर, हेच.

निवृत्त माणसाला वेळच वेळ. चिकगु पुस्तकं काढून बसले. एका देशात त्या रसायनाला साफ बंदी. दुसरीकडे थोडं चालतं. तिसरीकडे मर्यादा होती, पण ती कारखान्यातल्या हवेची. चौथं पुस्तक म्हणे, बिस्किटात खुशाल घाला. पण बिस्कीट कुणी छातीत ओढत नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या. आपण चुकीचं लिहिलं तर? म्हणून त्यांनी टिपा जोडल्या, मग टिपांना टिपा जोडल्या. आपल्या अज्ञानाबद्दल क्षमा मागणारं पान तेवढं पहिल्या झटक्यात उतरलं.

तशात कारखान्याचा मालक फैरूझ, तोही त्यांचाच विद्यार्थी, गरम केळ्याची भजी घेऊन आला. सगळ्या देशांच्या मर्यादा एका कागदावर मांडून हव्या होत्या त्याला. "निकाल देऊ नका चिकगु. नुसता तक्ता." निकाल द्यायचा नाही म्हटल्यावर चिकगुंना हायसं वाटलं. त्यांनी सुवाच्य अक्षरात तक्ता केला आणि खाली सही ठोकली.

ईदला नोरैनी भेटायला आली. जिना चढून आली आणि बराच वेळ खुर्चीची पाठ धरून नुसती उभी राहिली. चिकगुंच्या बायकोने तिला बसवून पाणी दिलं. पत्राचं राहूनच गेलं, असं चिकगु फरशीकडे बघत पुटपुटले.

"राहिलं कुठे? उत्तर मिळालं की," ती म्हणाली. "फैरूझने भिंतीवर लावलंय. तक्त्यातला सगळ्यात मोठा आकडा, 'आम्ही याच्या आत', आणि खाली तुमची सही. म्हटलं, चिकगुंची सही आहे, मग भ्यायचं कशाला. नोकरीत टिकले."

खोकल्याने तिला पुढे बोलू दिलं नाही. श्वास परत आल्यावर ती हसली. "शाळेतही असंच करायचात. हो की नाही विचारलं, की फळा भरायचात."

शब्द चिकगुंच्या ओठांवर आला होता. पण चुकला तर?

"मी... मी तुला सविस्तर लिहितो."

"अहो," बायको म्हणाली, "ती समोर बसलीय."

सण सरल्यावर ते टपाल कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईने पाकीट तोललं. "काका, हे पत्र आहे की सामान? मर्यादेच्या वर जातंय. सामानाची खिडकी आता सोमवारी."

"मर्यादा नक्की किती?"

तिने काचेवरची पाटी दाखवली. एकच आकडा, अख्ख्या देशाला. चिकगु त्याच्याकडे असूयेने बघत राहिले. मग त्यांनी टिपांची पानं काढली. तरी जड. तक्ते काढले. तरी जड. मागची रांग कुरकुरायला लागली. शेवटी हातात क्षमेचं पान तेवढं उरलं. ते त्यांनी उलटं केलं आणि कोऱ्या बाजूला लिहिलं: 'चालत नाही. सोड. भिंतीवरची सही माझी चूक.'

"वेळेत पोचेल ना?" त्यांनी विचारलं.

"आता मर्यादेत आहे," बाई म्हणाली, आणि तिने शिक्का मारला.