उंबराच्या ढोलीतली लायब्ररी

एका जंगलात, मुलांनो, वाघ होता आणि नेटवर्कही होतं. तिथे साळोबा नावाचा साळिंदर राहायचा.

त्याची शेजारीण ससूबाई. तिला नुकतीच पिल्लं झाली होती. वाघ कधी दारात उभा राहील याचा नेम नाही, म्हणून बिचारीला झोप नव्हती. साळोबाला वाईट वाटलं. त्याने एक प्रोग्रॅम लिहिला. ओढ्यावर वाघाने डरकाळी फोडली की ससूबाईच्या बिळात घंटा वाजणार.

डरकाळी ओळखणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेलं काम, त्याने आयती आणली आणि उंबराच्या ढोलीत ठेवली. मग तो कंपायलरकडे गेला.

कंपायलर होता एक बगळा. लिहिलेलं तपासायचं, लागतील त्या लायब्रऱ्या शोधून जोडायच्या आणि प्रोग्रॅम चालता करून द्यायचा, हे त्याचं काम.

"चूक," बगळा म्हणाला. "लायब्ररी सापडत नाही. वडाच्या ढोलीत बघितलं, पिंपळाच्या..."

पण 'चूक' म्हटल्यावर पुढचं ऐकून घ्यायची त्या जंगलात पद्धत नव्हती. साळोबा माकडाकडे पळाला.

"काढून परत टाक," माकड म्हणालं. कुणाचा दात दुखला तरी ते हेच सांगायचं.

साळोबाने लायब्ररी काढली आणि परत टाकली. उंबरातच.

"चूक," बगळा म्हणाला.

"नवी आण," माकड म्हणालं. साळोबाने नवी आणली, मग त्याहून नवी. उंबरात पाय ठेवायला जागा उरली नाही.

"चूक."

तेवढ्यात कोल्हा आला. "माझ्याकडे तर चालतं," तो म्हणाला आणि मदत केल्याच्या थाटात तिथेच बसला.

वाघाची ओढ्यावर यायची वेळ झाली. साळोबाचा संयम सुटला. "अरे, डोळे फुटले का तुझे? ही काय उंबरात भरून ठेवलीय."

"उंबरात होय? मग तसं सांगायचं," बगळा शांतपणे म्हणाला. "मला वडात आणि पिंपळात बघायला सांगितलंय. मी तिथेच बघतो. मघापासून तेच सांगतोय."

साळोबाने उंबराचा पत्ता सांगितला. बगळ्याने मान डोलावली. प्रोग्रॅम तयार झाला.

सगळे ससूबाईच्या बिळापाशी जमले आणि कान लावून बसले. ओढ्यावर डरकाळी झाली. बिळात घंटा वाजली, अगदी खणखणीत.

ससूबाईने पिल्लं उचलली आणि मागच्या दाराने ती पसार झाली. तिला प्रोग्रॅममधलं काहीच कळत नव्हतं.

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. साळोबाचे डोळे भरून आले. माकड झाडावर चढून सगळ्यांचा फोटो काढू लागलं.

"काय चाललंय?" मागून कुणीतरी विचारलं.

"आमचा प्रोग्रॅम चालला," कोल्हा मागे न बघता म्हणाला. "माझ्याकडे तर आधीपासून चालत होता."

"आता माझ्याकडेही चालला," वाघ म्हणाला आणि त्याने कोल्ह्याची मान धरली.

तात्पर्य: धोक्याची घंटा वाजली की आधी टाळ्या वाजवाव्यात. पळायचं काम ज्यांना त्यातलं काही कळत नाही, त्यांच्यावर सोपवावं.