सदतीस अंशांवरचे मुजुमदार सर

संध्याकाळी सहानंतर मुजुमदार सरांना कोणाचा धक्का लागलेला चालत नसे. सकाळी लागला तर ते काही म्हणायचे नाहीत. पण सहा वाजून गेले की मेन रोडवरून जाताना दोन्ही कोपरं बाहेर काढून, पोट सांभाळत, दिवस गेलेल्या बाईसारखे चालायचे. ओळखीच्या कोणी "काय सर, बरे आहात ना?" विचारलं की "सदतीस" म्हणायचे आणि पुढे व्हायचे. नवख्या माणसाला वाटायचं, वय सांगतायत. वय तर पन्नाशीच्या पुढचं दिसत होतं.

सदतीस म्हणजे अंश. सरांच्या पोटावर, बंडीच्या आत, लोकरी मफलरमध्ये गुंडाळलेल्या काचेच्या छोट्या नळ्या असायच्या. नळीत मिठाचं पाणी आणि पाण्यात नखाएवढा पारदर्शक तुकडा. तो तुकडा सरांनी चिंचोक्याच्या पिठापासून बनवलेला. आमच्याकडे चिंचोक्याची खळ करतात, कागद चिकटवतात, एवढंच मला माहीत होतं. सर त्याला आणखी एक रसायन जोडून कातड्यासारखा पापुद्रा करायचे. ऑपरेशननंतर तो शरीराच्या आत ठेवायचा, जखम भरेपर्यंत त्यानं धरून ठेवायचं आणि मग विरघळून जायचं.

"आत जाऊन काम करायचं, आणि काम झालं की आपण नव्हतोच असं व्हायचं," सर म्हणायचे. हे ते पापुद्र्याबद्दलच बोलत.

आता हा पापुद्रा अंगाच्या उष्णतेत किती दिवसांनी विरतो, ते बघायचं तर नळ्या अहोरात्र सदतीस अंशांवर हव्यात. त्यासाठी कॉलेजात इन्क्युबेटर होता. पण प्राचार्यांना आगीची भीती. प्रयोगशाळेत कोणीतरी शेगडी चालू ठेवून गेलं होतं म्हणे, तेव्हापासून रोज सहाला शिपाई मेन स्विच ओढायचा. सरांनी अर्ज केले, भांडले, थर्मासही वापरून पाहिला. पहाटेपर्यंत पाणी गार. शेवटी त्यांनी नळ्या पोटाला बांधल्या. सकाळी इन्क्युबेटरमध्ये, संध्याकाळी सरांवर.

"माणसाला मेन स्विच नसतो, गायखे," ते मला म्हणाले होते.

गायखे म्हणजे मी. पळशाहून सायकलवर काचसामान आणि रसायनांच्या बाटल्या लादून नाशकातल्या कॉलेजांची दारं झिजवत मी धंदा उभा केला, पुढे रविवार कारंज्याजवळ दुकान टाकलं. मला कोणी एक पायरी वर चढवून दिलेली नाही. भाव मी सोडत नाही आणि कोणी वेडंवाकडं बोललं तर मी ऐकून घेत नाही. एवढं सांगतो, कारण सरांनी माझ्याशी काय केलं ते तुम्हाला कळलं पाहिजे.

एका मे महिन्यात सरांनी एक द्रव रसायन मागवलं. माल मुंबईहून निघाला, ट्रकमध्ये कसाऱ्याच्या घाटात तापला आणि इथे आला तो बाटलीतल्या बाटलीत दगड होऊन. ही रसायनं तशीच असतात. ऊन लागलं की एकमेकांना धरतात आणि सोडत नाहीत. मला कंपनीने सांगितलं नव्हतं. मी सरांना म्हणालो, "थंडीनं गोठलं असेल, वितळवून घ्या."

बाहेर बेचाळीसचं ऊन होतं.

सर हसले नाहीत. त्यांनी बाटली फोडली, आतला काचेसारखा ठोकळा काढला, पुसला आणि टेबलावर ठेवला. त्याखाली कागद: 'गायखे पॉलिमर'. येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी तो ठोकळा दाखवायचे. वर्षानुवर्षं. पोरं दुकानात येऊन मलाच विचारायची, "ते गायखे तुम्हीच का?" मी बिल करताना असल्या पोरांना एक पैसा सूट दिलेली नाही.

मी दर वेळी म्हणायचो, "सर, तो ठोकळा काढा."

"का? उत्तम नमुना आहे. मला मुद्दाम करायला सांगितला असता तर इतका स्वच्छ झाला नसता."

असा हा माणूस. चहात साखर तागडीवर तोलून घ्यायचा. लग्नाला गेला तर पंगतीत कडेची जागा धरायचा, एका बाजूनं तरी धक्का नको म्हणून. आणि सगळ्यात जास्त भ्यायचा तापाला. दुकानात कोणी शिंकलं की सर रस्त्यावर.

ताप आलाच. पावसाळा संपता संपता हिवतापानं गाठलं. भर दुपारी स्वेटर घालून, दात वाजवत सर माझ्या दुकानाच्या पायऱ्या चढले.

"गायखे, तोंड उघडा."

"कशाला?"

"उघडा."

त्यांनी माझ्या जिभेखाली थर्मामीटर सरकवला आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले. दोन गिऱ्हाइकं बघत होती. मग थर्मामीटर उजेडात धरून सर म्हणाले, "सदतीस." मुलीला स्थळ मिळाल्यासारखा चेहरा.

"डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांचं पाहिलं," ते म्हणाले. "सुजाता साडेछत्तीस. शिपाई त्याहून कमी. बाकीचे सकाळी एक, दुपारी एक. तुम्ही स्वभाव सोडला तर आदर्श माणूस आहात."

सुजाता गांगुर्डे त्यांची विद्यार्थिनी. वडील नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये कामाला. त्यांच्या घरात काय, प्रेसच्या सगळ्या कॉलनीत पीएच.डी.पर्यंत कोणी पोचलं नव्हतं. नळ्या तिच्या प्रबंधाच्या. शिष्यवृत्ती मार्चला संपणार. प्रयोग मध्येच तुटला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा, आणि तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता. पुढे नोकरी, धाकटी भावंडं. ते सगळं सरांच्या पोटावर होतं, आणि सरांचं अंग त्या दिवशी एकोणचाळीसच्या वर.

"घरात कोणी नाही का, सर, अंगावर घ्यायला?" मी विचारलं.

"असतं तर तुमच्याकडे आलो असतो का?" भाव विचारावा अशा कोरड्या आवाजात ते म्हणाले.

मी लगेच हो म्हणालो नाही. समोरचा अडलेला असताना हो म्हणणं मला जमत नाही. "तो ठोकळा टेबलावरून हलवायचा. कागदासकट."

सर थरथरत विचार करत राहिले. खरंच विचार करत होते. मग म्हणाले, "हलवतो."

त्या संध्याकाळी नळ्या माझ्या पोटाला बांधताना त्यांनी सूचना दिल्या. पालथं झोपायचं नाही. गार पाण्यानं आंघोळ नाही. कांदा चालेल.

"आणि चिडलो तर?" मी विचारलं. "चढतं का?"

"माहीत नाही. कोणी मोजलेलं नाही. चिडू नका."

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. संध्याकाळी सुजाताकडून नळ्या घ्यायच्या, सकाळी तिला द्यायच्या. बायकोनं पहिल्या रात्री मला उताणा, हात पोटावर ठेवून झोपलेला पाहिलं आणि म्हणाली, "एवढी काळजी माझ्या बाळंतपणात घेतली असती तर." आईनं शेजारणीला सांगितलं की, "आमच्या पोराला डाक्टरनी कायतरी बांधलंय, पर सांगत नाय."

एकदा दुकान बंद करायच्या सुमाराला ट्रकवाला आला. पेटीतले अर्धे चंबू फुटलेले. एरवी मी त्याला रविवार कारंजा ओलांडू दिला नसता. त्या दिवशी पोटावर हात ठेवून अगदी हळू म्हणालो, "हे काय झालं, दादा?" मी असा बोललेला त्यानं कधी ऐकला नव्हता. काहीतरी भयंकर होणार असं वाटून तो स्वतःहून नुकसान भरून द्यायला तयार झाला.

पण सगळीच माणसं अशी नव्हती. एका संध्याकाळी, नळ्या पोटावर असताना, एका गिऱ्हाइकानं माझ्या मोजपात्राला खोटं म्हटलं आणि मी चिडलो. चांगलाच चिडलो. घरी येईपर्यंत कान तापलेले होते.

सर बरे झाले, नळ्या परत त्यांच्याकडे गेल्या. मी कॉलेजात गेलो तर टेबल मोकळं. ठोकळा दारासमोरच्या काचेच्या कपाटात, मधोमध. कागदाऐवजी रंगवलेली पाटी.

"सर, हे काय?"

"टेबलावरून हलवायचा असं ठरलं होतं. टेबलावरून हलवला. सौदा नीट बोलायला हवा होता तुम्ही."

मला. सौदा. ते मी अजून विसरलेलो नाही.

मार्चच्या आत प्रयोग पुरा झाला. तोंडी परीक्षेला मुंबईहून परीक्षक आले. सुजातानं बोलावलं म्हणून मी मागच्या बाकावर बसलो होतो. तिनं फळ्यावर आलेख लावला. पापुद्र्याचं वजन हळूहळू उतरत गेलेली रेष, आणि मध्येच एका जागी ती एकदम खाली घसरलेली. परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

"इथे काय झालं?"

सुजातानं एकदा सरांकडे पाहिलं. "त्या दिवसांत नळ्या रात्री दुसऱ्या माणसाच्या अंगावर होत्या."

"कोणाच्या?"

तिनं मागे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. मी उभा राहिलो.

"आपण कोण?"

"काचसामान पुरवतो," मी म्हणालो.

"जरा गरम माणूस आहे," मुजुमदार सर म्हणाले. वर्ग हसला. परीक्षक हसले नाहीत.

"हे मोजमाप गाळून रेष सरळ काढता आली असती," ते सुजाताला म्हणाले. "मला कळलंही नसतं. का नाही गाळलं?"

"आलं ते लिहिलं, सर."

परीक्षकांनी ती रेष बोटानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत गिरवली. मग चष्मा काढून म्हणाले, "ही घसरण आहे म्हणून बाकीच्या रेषेवर माझा विश्वास बसला." आणि पुढच्या प्रश्नाला गेले. मी खाली बसलो तेव्हा बंडी भिजलेली होती.

पुढच्या रविवारी गांगुर्डेंनी आम्हाला नाशिक रोडला जेवायला बोलावलं. कॉलनीतली निम्मी माणसं डॉक्टर झालेली मुलगी बघायला येऊन जात होती. सुजाता कोणाच्या पाया पडत होती, कोणाला लाडू देत होती. तिला पुण्याला नोकरी लागली होती. गांगुर्डे स्वतः वाढत होते. सरांच्या पानात पुरणपोळी टाकत म्हणाले, "सर, लय जपलं तुम्ही. आता पोटावरचं वझं उतरलं. मोकळं वाटत असंल."

"हो," सर म्हणाले आणि पाणी मागितलं.

उन्हं उतरल्यावर मी त्यांना माझ्या स्कूटरवर मागे घेतलं. थोडं पुढे गेलो तोच खांद्यावर हात आला.

"हळू घ्या, गायखे."

"आता काय फुटणार आहे, सर?"

"फुटणार काही नाही." खांद्यावरचा हात तसाच होता. मग म्हणाले, "लवकर पोचून घरी करायचं काय?"

नाशिक रोडहून गावात यायचा सरळ रस्ता मला डोळे मिटून माहीत आहे. मी स्कूटर देवळाली कॅम्पकडे वळवली. चांगला लांबचा फेरा पडतो. सर मागून बोलायला लागले. चिंचोका झाला, आता बाभळीच्या डिंकाचं काय करता येईल असं काहीतरी. वाऱ्यात निम्मं ऐकू येत नव्हतं आणि उरलेलं मला कळत नव्हतं. मी हं हं करत होतो. वडनेरच्या पुढे ते म्हणाले, "रस्ता चुकलात का?"

"हो," मी म्हणालो. पेट्रोल माझं जळत होतं. त्याबद्दल मी काही बोललो नाही.