सोनावण्यांच्या घरी कार्य आहे

आमच्या शेजारच्या सोनावण्यांनी कंपनीत रजेचा अर्ज टाकला, की कारण ठरलेलं: 'घरी कार्य आहे.' पहिल्या वेळी तर सुपरवायझरने आहेराचं पाकीट पाठवलं होतं. कार्य कसलं, तर घरातल्या चार कॉम्प्युटरांवर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सची नवी आवृत्ती चढवणं. दर सहा महिन्यांनी टपालाने फुकट सीडी यायची, की हे रजेवर.

चार! अंबरनाथमध्ये, दोन खोल्यांच्या घरात, एका फिटरकडे चार कॉम्प्युटर. मी मोरिवलीचा भोईर, वाडवडिलांपासून इथला, आणि माझ्याकडे एकच. तोही नवा कोरा, आणि महिन्यातून तीनदा व्हायरसने आडवा. सोनावण्यांनी आपले चारही उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातल्या भंगारातून उचललेले, आणि चारही ठणठणीत. जळफळाट होईल नाही तर काय!

"भोईरभाऊ, याला व्हायरसचं टेन्शन नाय. सीडी देतो, घ्या ना," असं ते इतक्या प्रेमाने म्हणायचे, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

दुसरं पालुपद, "बॅकअप घेतला काय?" हे कोणालाही. माझ्या मेव्हण्याच्या साखरपुड्यात त्यांनी नवऱ्या मुलीच्या बापालाच विचारलं. दुसरं स्थळ बघून ठेवलंय का विचारतायत, असं वाटून तो बिचारा जेवलाच नाही.

अपग्रेड चालू असताना त्यांच्या घरात मोठ्याने बोलायची सोय नाही. "हळू! मशीन बाळंतीण आहे." वीज जाऊ नये म्हणून मजल्यावर कोणी इस्त्री लावायची नाही. आणि आमचा मजला ऐकायचासुद्धा!

त्यात माझी बायको. "सुनंदावहिनींना बघा, स्वयंपाकघरात स्वतःचा कॉम्प्युटर! एक बटण दाबलं की सकाळी वंदना, दुसरं दाबलं की दुपारी भीमगीतं. आणि तुम्ही? साधं मिक्सरचं भांडं बदलून देत नाही."

एका कार्याला मी मुद्दाम गेलो. काहीतरी बिघडावं, एवढीच इच्छा. दुपारपर्यंत तीन मशिनी बिनबोभाट पार पडल्या. चौथी, स्वयंपाकघरातली, अर्ध्यावर अडकली. पडद्यावरची पट्टी अर्ध्यात आली ती हलेचना. खोटं कशाला बोलू, मनात उकळ्या फुटल्या. सोनावण्यांनी "नजरेने अडते ही" म्हणत मॉनिटरचं बटण बंद केलं. कपाळावरून घाम निथळत होता.

"एक गेली तर एवढं काय? तीन आहेत की," मी साळसूदपणे म्हणालो.

त्यांनी मला गॅलरीत ओढलं. वहिनींना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज अगदी खाली.

"त्या तीन ट्रायलच्या आहेत, भाऊ. नवीन काय असेल ते पहिलं त्यांच्यावर. मरायचं तर त्यांनी मरावं. खरी मशीन ही एकच. शुगरने आमच्या हिचे डोळे चाललेत. पेपर जाहिरातींसकट वाचणारी बाई ती. नवीन सीडीत अक्षरं अजून मोठी करता येतात. म्हणून चढवायचं, नायतर मला काय हौस आहे?"

शरम वाटली, आणि शपथेवर सांगतो, त्या शरमेतही पोटात दुखलंच.

तेवढ्यात आतून मशीन चालू झाल्याचा सूर वाजला. सोनावणे धावले. पडद्याकडे न बघताच कीबोर्डवर दहा मिनिटं खाडखाड केलं, तोंडपाठ. मग वहिनींना हाताला धरून खुर्चीवर बसवलं.

"दिसतंय का गं?"

"हो तर! मागच्यापेक्षा मोठं. छान दिसतंय," वहिनी हसून म्हणाल्या.

मी पडद्याकडे पाहिलं. पडदा काळा होता. मघाशी बंद केलेला मॉनिटर चालू करायचाच राहिला होता.

सोनावण्यांचा हात बटणाकडे निघाला होता, तो तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"मग झालं तर," ते म्हणाले. "पुढल्या वेळी अजून मोठं करू."

"करा की," वहिनी म्हणाल्या.

मग त्यांनी अंगठ्याने ते बटण इतकं हळू दाबलं, की जरासुद्धा आवाज झाला नाही. अख्ख्या पडद्यावर एकच शब्द मावला होता: सुनंदा.

मी घरी आलो. बायको दारातच होती. "काय, अडकलं ना एकदाचं त्यांचं?"

"नाही," म्हटलं. "तुझ्या चष्म्याचा नंबर काय गं?"

"चष्मा?" ती माझ्याकडे बघत राहिली. "अहो, तो मोडून दोन वर्षं झाली."