गडाचे टाके कोणी आटविले त्याची बखर

श्रीजलदेवता रक्षण करो आणि लिहिणाराचा हात सत्यावर ठेवो. शके सोळाशे ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सरी, वैशाख मासी एका अनाम राज्याचे गडावर ऐसा प्रसंग प्राप्त जाहला की, पाण्याचे थोरले टाके पंधरवड्यात एक पायरी उतरावयाचे, ते आठ दिवसांतच उतरू लागले, आणि मृगास तर सवा महिना अवकाश. मग महाराजांनी टाक्याचे हवालदार सटवोजी यांस पाचारून आज्ञा केली, "चोर धरा. न धराल तर गड रिकामा करावा लागेल, आणि प्रथम तुम्ही उतराल."

तेव्हापासून सटवोजींस अन्न गोड लागेना. टाक्यावर पहारा, जो तो गरजेपुरतेच नेतो म्हणतो, मग पाणी जाते कोठे? भिस्ती हसला, त्याचा संशय आला. पुजारी दोनदा नाहिले, त्यांचा आला. आणि काठावर कावळा बसला, तर त्याचीही चोच निरखून पाहिली. मग ऐसे नजरेस आले की, मुदपाकखान्यातील आवडाबाई नित्य दुपारी झाकली घागर घेऊन मागील दाराने निघते. हवालदारांनी वाट अडविली.

"घागरीत काय?"

"पाणी."

"कबूल जाहलीस! उद्या गड उतरशील."

"धुवण आहे हो तांदळाचे. घ्या, घोटभर पिऊन बघा," म्हणून तिने झाकणी काढिली, तो आत गढूळ पाणी आणि वर चार कण्या. ते तिने दुधीच्या वेलास घातले आणि बोलली, "काल मिटक्या मारीत भाजी खाल्लीत ती याच वेलाची. मला उतरवायचे तर उतरवा, पण आधी पहाटे उठून गडाच्या मोऱ्या बघा."

हवालदारांस यातही कपट दिसले, तथापि पहाटे निघाले. पाहतात तो घरोघरच्या मोऱ्या खळखळ वाहत आहेत! सारा गडच फितूर जाहला ऐसे मानून, सर्वांत थोर ओहळ होता त्याचा माग धरून चढत गेले, आणि ओहळ त्यांचेच परसदारी पोहोचला. तेथे त्यांचे कुटुंब जानकाबाई भरला हंडा उपडा करीत होत्या.

"अहो, हे काय आरंभिले?"

"ओरडता काय? कालचे पाणी शिळे झाले. ओतल्याशिवाय ताजे भरू कशात? शिळे पाणी ओठास लावणार नाही, हे आपणच ना बजावलेत? आता हवालदारांच्या घरची रीत म्हणून सगळ्या बायका तेच करतात."

सटवोजींनी हंडा धरिला आणि तळाशी उरले तेवढे पाणी तांब्यात ओतून घेतले.

मग दरबार भरला. एका अंगास आवडाबाई गाठोडे बांधून उभी. महाराज म्हणाले, "चोर सापडला?"

"सापडला."

"कोण?"

आवडाबाईचे नाव घेणे सोपे होते, आणि ते जिभेच्या टोकावर आलेही. परंतु हवालदारांनी घरून आणिलेला तांब्या उचलिला, सर्वांदेखत पिऊन रिता केला आणि बोलले, "चोर मीच, महाराज. हे काल भरलेले पाणी. आता आठ दिवस ऐसे शिळेच पितो. पोटात दुखले तर मला उतरवावे."

दुखले नाही. मग आज्ञा सुटली की कालचे पाणी प्यावे, नको वाटल्यास त्याने भांडी घासावी, आणि धुवण वेलास घालावे. आणि आवडाबाईने गाठोडे सोडिले.

एवंच, टाके मृगापर्यंत पुरले, तळाच्या दोन पायऱ्या ओल्याच राहिल्या. सटवोजी पुढेही रोज पहाटे फेरी करीत, परंतु निघण्यापूर्वी आपल्याच घरच्या मोरीत बोट घालून ती कोरडी असल्याची खात्री करून घेत. इति.