सरपंचांच्या फोटोमागचा कॉम्प्युटर

एका जंगलात, जिथे पाणवठ्यावर पाणी कमी आणि बातम्याच जास्त प्यायल्या जात, तिथे एका सकाळी टिटवी म्हणाली, "ऐकलंत का? कोंडाबाईचा हात लागला की कॉम्प्युटर..."

तेवढ्यात मगरीनं डोकं वर काढलं. सगळे पळाले. वाक्य तिथंच राहिलं.

बाळांनो, अर्धं वाक्य फार सोयीचं असतं. ज्यानं त्यानं आपापल्या मनासारखं पुरं करावं. दुपारपर्यंत सगळ्या जंगलाला पक्कं ठाऊक झालं, की कोंडाबाई साळिंदरीण पांढऱ्या पायाची आहे. ती शिवली की कॉम्प्युटर मरतो.

कोंडाबाई जंगलपंचायतीच्या कचेरीत पाणवठ्याची पाळीपत्रं छापायची. कुणी कधी पाण्यावर यायचं, ते त्यात लिहिलेलं असे. या खुर्चीसाठी ती जाडजूड बोटांनी तीन पावसाळे टायपिंग शिकली होती.

पण मेला कॉम्प्युटर रोजच बंद पडायचा. परवा तर मधेच बंद पडून हरणांची आणि बिबट्याची पाळी एकाच वेळेला छापली गेली. हरणांनी आठ तक्रारी केल्या. बिबट्यानं एकही केली नाही.

सरपंच होते दंताजीराव रानडुक्कर. त्यांनी कोंडाबाईला बोलावून घेतलं.

"बाई, सोमवारी सभा आहे. तोवर हे यंत्र नीट चालवा. नाहीतर खुर्ची रिकामी करा."

"अहो साहेब, यंत्रच खराब..."

"यंत्र आमच्या मेव्हण्यानं आणलंय!" सरपंच म्हणाले. विषय संपला.

मग इंजिनीअर वानर आला. त्यानं कॉम्प्युटरकडे नुसतं लांबून पाहिलं.

"मॅडम, तुमची ऑपरेटिंग सिस्टिमच टाकाऊ. 'राजमार्ग' कोण वापरतं हल्ली? 'पायवाट' टाकू."

'पायवाट' टाकली. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. पंधराव्या पाळीपत्राला कॉम्प्युटरनं मान टाकली.

"मग 'मोकळं रान' टाकू," वानर म्हणाला. "ती बंद पडूच शकत नाही."

पुन्हा नारळ. ती नवव्यालाच बंद पडली.

जंगलात दोन तट पडले. राजमार्गवाले मोकळं-रानवाल्यांना भिकारी म्हणू लागले. ते यांना गुलाम म्हणू लागले. दोन सशांचं ठरलेलं लग्न मोडलं. वटवाघळांनी तर दोन्ही तटांकडे पाठ फिरवली, पण ती उलटी लटकलेली असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

रविवारी कोंडाबाईनं ठोके मिस्त्रींना हाक मारली. ठोके मिस्त्री म्हणजे सुतारपक्षी. त्यांनी खोक्यावर तीनदा चोच मारली आणि कान लावला.

"वहिनी, आतून पोकळ वाजतंय. उघडला का कधी?"

"कसा उघडणार? हे बघा ना."

खोक्याच्या झाकणाची फट होती, नेमकं तिच्यावर सरपंचांचं स्टिकर चिकटवलं होतं. 'मा. दंताजीराव यांच्या शुभहस्ते लोकार्पण.' वर हात जोडलेला फोटो. झाकण काढायचं तर फोटो मधोमध फाडावा लागणार. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे आतली प्रणाली, दोनदा बदलली होती, झाकण कुणी काढलं नव्हतं.

"राहू द्या वहिनी, नोकरी जाईल," मिस्त्री म्हणाले.

"ती तशीही उद्या जातेय."

कोंडाबाईनं अंगावरचा एक काटा उपसला, डोळे मिटले आणि सरपंचांना दोन्ही सुळ्यांच्या मधून चिरलं.

आत कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा होता. मिस्त्रींनी तो उघडला. अर्ध्या डब्यात तारा होत्या. उरलेल्या अर्ध्यात वजनासाठी ओढ्यातला गोटा ठेवलेला होता.

"वीज पुरत नाही, म्हणून काम वाढलं की बंद पडतो. मग राजमार्ग घाला नाहीतर आणखी काही घाला."

मग त्यांनी कॉम्प्युटर गार ठेवणाऱ्या आतल्या पंख्याकडे पाहिलं. पंख्यात साळिंदराचा एक जुना काटा अडकला होता.

"हा... माझाच," कोंडाबाई हळूच म्हणाली.

"यानं भर दुपारी जरा तापत असेल. सकाळी सकाळी मान टाकतो तो गोट्यामुळे."

मिस्त्रींनी काटा काढला, घरचा जुना पण चांगला डबा बसवला. तिन्ही प्रणाली पाळीपाळीनं चालवून पाहिल्या. प्रत्येकीवर शंभर पाळीपत्रं निघाली. एकीलाही ठसका लागला नाही.

सोमवारी कोंडाबाईनं सभेत गोटा आणि काटा दोन्ही टेबलावर ठेवले. गोटा पाहून सरपंचांचा मेव्हणा छताकडे बघू लागला.

सरपंच म्हणाले, "हा दगड कुठून आला, ते सांगता येत नाही. जंगलात दगड असतातच. काटा मात्र ओळखीचा आहे."

"बघा, मी म्हणतच होते!" टिटवी ओरडली.

"तू काय म्हणत होतीस?" हरणानं विचारलं.

"अर्धं तरी बरोबर होतं ना?"

अहवालात काट्याची नोंद झाली. खुर्ची मात्र कोंडाबाईकडेच राहिली, कारण टायपिंग दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. तिनं आता कामावर गोधडी पांघरून बसावं, असा ठराव झाला. ऐन उन्हाळ्यात. आणि मजबूत, वजनदार माल दिल्याबद्दल मेव्हण्याला आणखी पाच कॉम्प्युटरांचं काम मिळालं.

तात्पर्य: बाळांनो, कॉम्प्युटर बंद पडला तर आतली प्रणाली खुशाल बदलत राहा. खोका कधी उघडू नका. प्रणालीला नातेवाईक नसतात.