'मौन'ला बसलेले नऊ हुक

सार्वजनिक चौकातली कलाकृती अस्सल की नकली, हे ठरवण्याची कसोटी एकच : तिचा कोणालाही काडीचाही उपयोग होता कामा नये. बाकावर लोक बसतात, म्हणून बाक ही कला नव्हे.

या कसोटीला सिंगापूरच्या एका वसाहतीतलं 'मौन' पुरेपूर उतरलं होतं. दोन उभे पोलादी खांब, वर एक आडवा, मध्ये काही नाही. (हे 'काही नाही' घडवायला शिल्पकाराला दोन वर्षं लागली.) नगर-मंडळाच्या अधिकारी रोहायाबाईंनी नियमानुसार जनमताची पाहणी केली. दोनशे बारापैकी दोनशे अकरा रहिवाशांनी "कुठे आहे?" असं विचारलं. उरलेले एक म्हणजे गोदीतले निवृत्त वेल्डर, अंकल टेक हुआत. ते जातीने कचेरीत आले.

"चौकट झकास आहे हो, मुली," ते म्हणाले. "पण हुक लावायचे विसरलात की!"

गैरसमज क्षम्य होता. त्या जागी पूर्वी पक्ष्यांचे पिंजरे टांगायचा गंजका सांगाडा होता आणि नवा मिळावा म्हणून अंकलनी पाच वर्षं अर्ज केले होते. कलेला जागा हवी म्हणून सांगाडा काढला, तेव्हापासून आठ महिने त्यांचा पिंजऱ्यातला होला, म्हणजे कवडा, गप्प होता. होल्याला गायला शेजार लागतो.

"पक्ष्यांच्या डॉक्टरला दाखवलंत?" बाईंनी विचारलं.

"दाखवलं. म्हणाला, ठणठणीत आहे. बायको गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. आता तोही बोलत नाही, मीही नाही."

रोहायाबाईंना फार वाईट वाटलं. पण वाईट वाटण्यासाठी छापील अर्ज नव्हता. 'सुटा भाग गहाळ' यासाठी होता, आणि त्याचा निकाल तीन दिवसांत लावणं बंधनकारक होतं. तिसऱ्या दिवशी 'मौन'ला नऊ हुक बसले, क्रमांकांसह. चौथ्या सकाळी वसाहतीतल्या होलेवाल्यांनी नऊही हुकांवर पिंजरे टांगले, अंकलचा होला गायला आणि अंकल भर चौकात रडले. (रडण्यास मनाई असल्याचा फलक तिथे नव्हता.)

शनिवारी अनावरण होतं. शिल्पकार आले नाहीत. कलाकृतीत हस्तक्षेप नको, हे त्यांचं तत्त्व. कलासमितीचे अध्यक्ष आले आणि वर नऊ पिंजरे पाहून थबकले. पाहुणे अध्यक्षांच्या तोंडाकडे बघत होते, अध्यक्ष पाहुण्यांच्या. उतरवा म्हणावं, तर पिंजरे कलेतलेच निघायचे. राहू द्या म्हणावं, तर नसायचे. अंकल आपल्या पिंजऱ्याखाली टोपी हातात घेऊन उभे होते.

"हे... यातलंच ना?" अध्यक्षांनी रोहायाबाईंना हळूच विचारलं.

नोकरीत एकही खोटी नोंद न केलेल्या रोहायाबाईंनी पाटीवरचा पडदा ओढला. पाटी त्यांनी आदल्या दिवशीच नवी करून घेतली होती : 'मौन. पोलाद, नऊ पिंजरे, होले. हात लावू नये.'

अध्यक्षांनी पाटी दोनदा वाचली, मान तिरकी केली आणि म्हणाले, "वा! काय खोली आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पिंजरे राहिले.

अध्यक्षांना खुशाल हसा. फक्त मागच्या प्रदर्शनात अशाच एका चौकटीपुढे तुम्हीही "वा!" म्हणाला होतात, ते पाटी वाचण्याआधी की वाचल्यावर, तेवढं आधी आठवा.